विरोधकाची बडदास्त

मेघना : …आणि हा शेवटचा डबा, काका. लस घेत नाही तोपर्यंत कमिटीकडून आता काही येणार नाही.

सीताराम : आत काय आहे?

मेघना : कोथिंबीर वडी. विषय बदलू नका.

सीताराम : विषय डब्यातच असतो, मेघना. काल योगावाल्या बाई आलेल्या. साबुदाणा वडे घेऊन. श्वासावर तासभर बोलल्या, मला एक घेऊ दिला नाही. परवा ते डॉक्टर.

मेघना : ते होमिओपॅथीचे.

सीताराम : हो, पण शिरा अ‍ॅलोपॅथीचा होता. लगेच गुण आला.

मेघना : मस्करी पुरे. आपली सोसायटी ठाकुर्लीतली पहिली शंभर टक्के लसवाली होणारे. माजी नगरसेवक येणारेत, बॅनर छापून झालाय. फक्त तुम्ही आणि तळमजल्यावरच्या शालनमावशी उरलात.

सीताराम : बॅनर तुमचा आणि दंड माझा? हे शरीर माझं आहे. त्यात काय टोचायचं ते मी ठरवणार.

मेघना : शरीर तुमचं, मान्य. पण तुमचा खोकला दाराबाहेर पडला की तो कॉमन एरियात येतो.

सीताराम : मग त्याला मेन्टेनन्स लावा.

मेघना : काका, मी सेक्रेटरी आहे, माझी जबाबदारी आहे. मीटिंगमध्ये ठराव झालाय. लस नाही तर लिफ्ट नाही.

सीताराम : लिफ्ट बंद आहे, बाळ. गणपतीपासून. तिनेही बहुतेक घेतली नसावी. आणि मला उपदेश करणाऱ्यांचे मास्क कुठे असतात? हनुवटीला. तुमचे खजिनदार रतनशेट इथे या खुर्चीत बसून मास्क काढून शिंकले आणि पुन्हा लावला. का, तर म्हणे आत शिंकलं की मास्क खराब होतो.

मेघना : ते… ते मी बोलेन त्यांच्याशी. पण तुमचा हा हट्ट तरी काय आहे?

सीताराम : घराण्याचा आहे. देवी काढणारा डॉक्टर आमच्या गावात आला तेव्हा आजोबा फणसावर चढून बसले. डॉक्टरही वस्ताद. खाली चटई टाकून बसला. हे वरून फणस टाकायचे डोक्यात घालायला, तो झेलून खायचा. आठ दिवसांनी आजोबा उतरले तर काय, डॉक्टरचं आमच्या आत्याआजीशी लग्न ठरलेलं!

मेघना : आणि आजोबांनी लस घेतली?

सीताराम : घेतली ना. मेहुण्याला नाही कसं म्हणणार?

(दारात शालन. मास्क नाही, पदर नाकावर धरलेला.)

शालन : सीतारामभाऊ, हाय का घरात? बरं झालं, मेघनाबी हाय. सुनेनं फर्मान काढलंय. लस घेतल्याबिगर नातीला, सान्वीला मांडीवर घ्यायचं न्हाई. पोरगी रांगत रांगत माझ्या खोलीच्या उंबऱ्यापतुर येती आन सून मागच्या मागं उचलून नेती.

मेघना : मग घ्या ना मावशी, किती वेळा सांगितलं.

शालन : मी म्हणलं, सीतारामभाऊ घेतील तवा मी घीन. येवढी वर्षं पोस्टात होते. शिकलेला माणूस उगा न्हाई म्हणंल का? त्यांनीच सांगितलं न्हवं, लस घेतली की माणसाचं लोहचुंबक होतं, चमचं चिकटत्यात.

सीताराम : अहो, ती गंमत होती, शालनताई.

शालन : मी सुनेच्या दंडाला चमचा लावून बघितला की! चिकटला न्हाई. तिला म्हणलं, तुझी लस डुप्लिकेट हाय.

मेघना : बघा काका. बघा तुमची गंमत.

शालन : काल पोरगा रडला माझा. म्हणतोय, आई, तुला दमा हाय, पुन्यांदा लाट आली तर ऑक्सिजन कुठनं आणू?

सीताराम : घेऊन टाका तुम्ही. उद्याच.

शालन : आन तुम्ही?

सीताराम : माझं… माझं तत्त्व आहे.

शालन : मग माझंबी तेच हाय. तत्त्व म्हंजी काय तेवढं सांगून ठिवा, सून इचारंल.

मेघना : सांगा काका. मलाही ऐकायचंय.

शालन : तत्त्व ऱ्हाऊ द्या. खरं सांगू का, मला सुईचं भ्या वाटतंय. लई दुखतं का वो?

सीताराम : छे! मुंगी चावते ना, तेवढंच. खुर्चीत बसवतात. ती मुलगी म्हणते, आजोबा, वर पंख्याकडे बघा. पंखा असतो बंद. हा बंद का, म्हणून आपण बघत राहतो, तोवर झालेलं असतं. मग अर्धा तास बाहेर बसवतात. शेजारी कोपर स्टेशनजवळचा एक गृहस्थ स्वतःच्या गुडघ्याची कथा सांगत बसतो, ती मात्र सोसावी लागते. रात्री जरा कणकण. दुसऱ्या वेळेला तीही नाही.

मेघना : …दुसऱ्या वेळेला?

सीताराम : असं म्हणतात लोक.

मेघना : कोण लोक? कोपरचा गुडघा?

शालन : म्हंजी तुम्ही घेतलीया? दोन्ही?

सीताराम : कल्याणला जाऊन. इथे घेतली असती तर तुम्ही हार घालून फोटो काढला असता.

मेघना : काका! रतनकाका दोन रविवार आकडे घेऊन बसलेले तुमच्यासमोर! मी स्वतः किती वेळा आलेले! का?

सीताराम : आम्हा नवराबायकोला एकच तारीख मिळाली होती लशीची. ही त्याआधीच गेली. स्मशानात वीस माणसांची परवानगी होती, तेवढीही जमली नाहीत. मग मी एकट्याने जाऊन घेतली. त्यानंतर दाराची बेल वाजवली ती थेट तुमच्या शिष्टमंडळाने. घेतली म्हणालो असतो तर नावापुढे खूण करून दारातूनच गेला असतात तुम्ही. नाही म्हणालो, तर आत येऊन बसलात.

शालन : आन मी? तुमच्याकडं माणसं येत होती, म्हणून मी नातीबिगर बसायचं व्हय?

सीताराम : नाही. म्हणून तर पंख्याचं सांगितलं.

शालन : लई लवकर सांगितलंत! उद्या सकाळी माझ्यासंगं यायचं. तो पंखा दाखवायचा. आन हात धरायचा न्हाई, नुसतं शेजारी हुबं ऱ्हायचं.

सीताराम : येतो.

मेघना : मी मीटिंगमध्ये काय सांगू?

सीताराम : सांग, म्हाताऱ्याला अखेर पटलं. कुणामुळे ते सांगू नकोस. प्रत्येकाला वाटू दे, आपल्यामुळेच.

मेघना : ते तसंही वाटणारच. बरं काका… ऐकलंय, पुढे बूस्टर पण येणारे. त्याला तुमचा विरोध असेल ना?

सीताराम : अजून ठरवलं नाही. मुद्दा गहन आहे. तीन-चार जणांनी येऊन…

शालन : काय नको! इरोधबिरोध बास झाला. माणूस हवं असलं तर खाली येऊन आमची बेल वाजवायची.

सीताराम : तुमची सून दार उघडेल मला?

शालन : ती न्हाई उघडणार. सान्वी उघडंल. तिचा हात कडीला पुरंपतुर थांबायची तयारी ठिवा.