बेटावरून आलेलं कार्ड

नलिनी: तिवारीजी पाकीट देऊन, चहा पिऊन गेलेसुद्धा, आणि तुम्ही अजून ते धरून बसलाय.

अनंत: रेडिओ क्लबमधून कार्डं आलीत. रेडिओवर ज्याच्याशी संपर्क झाला त्यानं कार्ड पाठवायचं, मग आपण...

नलिनी: चाळीस वर्षं तुमच्या त्या खोक्यासोबत संसार केलाय, मला नका शिकवू. कुणाचं आहे?

अनंत: परीक्षितचं.

नलिनी: अहो, आपलं पोर देवाघरी जाऊन आठ महिने झाले.

अनंत: त्यानं तेव्हाच पाठवलेलं. क्लबाक्लबांतून फिरत यायला दोन वर्षं लागतात. लक्षद्वीपच्या बेटावर त्यानं नि त्याच्या मित्रांनी दहा दिवस खास स्टेशन लावलं होतं ना, तेव्हाचं.

नलिनी: म्हणजे तुम्ही त्याच्याशी बोललात? तो होता तोवर मी फोन पुढे करायचे, तुम्ही उठून जायचात. आणि मला सांगितलंही नाहीत.

अनंत: बोललो कसला. अशा स्टेशनला जगभरातून शेकडो लोक हाका मारत असतात. दोन तास मीही मारल्या. शेवटी त्यानं मला घेतलं. म्हणाला, पाच-नऊ, धन्यवाद. की लगेच पुढचा.

नलिनी: ओळखलं नसेल.

अनंत: माझा कॉलसाइन, रेडिओवरचं माझं नाव, त्याला मुळाक्षरांच्या आधी पाठ होता. पाच-नऊ म्हणजे आवाज अगदी स्वच्छ, जोरदार. रांगेतल्या प्रत्येकाला तेच सांगतात, ऐकू येवो न येवो. लहानपणी मी त्याला बजावलं होतं, खोटा रिपोर्ट द्यायचा नाही. मला वाटलं, बापालाही परक्यासारखं वाटेला लावलं. राग आला. मी माझं कार्ड पाठवलंच नाही.

नलिनी: राग तर तुमच्या नाकावरच असतो. कारखान्यातली पक्की नोकरी सोडली म्हणून, या घरात पाय ठेवू नकोस, असं कोण म्हणालं होतं?

अनंत: मीच.

नलिनी: द्या इकडे. हे त्याचंच अक्षर. तीन-दोन. हे काय?

अनंत: फार क्षीण. कानात प्राण आणून ऐकलं तर जेमतेम कळेल इतकं. खाली वाच.

नलिनी: "बाबा, तुमचं कार्ड नक्की पाठवा. वाट बघतोय."

अनंत: रांगेसमोर रिवाजाचं बोलला, कार्डावर खरं लिहिलं. एवढ्या कालव्यातून माझा आवाज वेचला त्यानं, नलू. आणि मी रुसून बसलो.

नलिनी: तुम्ही त्याला किती सांगितलं होतं?

अनंत: पाच-नऊ.

नलिनी: रिवाज म्हणून?

अनंत: नाही. खरंच. पलीकडच्या खोलीतून बोलावं तसा येत होता.

(नलिनी कपाटातून कोऱ्या कार्डांचा डबा काढून त्याच्यासमोर ठेवते.)

नलिनी: मग तसं लिहा. आत्ता.

अनंत: लिहून पाठवू कुठे?

नलिनी: खाली पत्त्याचा शिक्का आहे ना त्याचा.

अनंत: तो रेडिओच्या लायसन्सवरच्या पत्त्याचा असतो. घर बदललं की आधी तो पत्ता बदलायचा, हेही मीच शिकवलं होतं.

नलिनी: वाचा तर खरं. चष्मा पुसा आधी.

अनंत: आनंद नगर, रायसेन रोड... आपलाच आहे गं. त्यानं बदललाच नव्हता.