विहिरीवरची पांढरी पावडर

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला एक सांगा – माणसाचं डोकं फुटलं, तर पाप कुणाचं? दगड मारणाऱ्याचं? बरोबर! आणि ज्यानं खाटेवर बसून नुसतं बोट हलवलं, त्याचं?

ऐका तर! आमच्या निंबोडीत बोर मारायची गाडी आली, थेट तमिळनाडूची. गाडीवर सेल्वम नावाचा कामगार. त्याला मराठी किती? तीन शब्द – पाणी, चहा, पुरे! सकाळी तो विहिरीवर गेला, बादली भरली, पावडर टाकली, शर्ट भिजवला. झालं! आमच्या अंबादासनं लांबून फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला – "हा कोण?" एवढंच हो! दुसऱ्यानं लिहिलं, "परका दिसतोय." तिसरा म्हणाला, "पांढरं काय टाकतोय?" चौथा – "विष तर नाही? सावध राहा!" खाली जोडलेले हात! काय ती भक्ती! शेजारच्या गावात मेसेज पोचेपर्यंत चार माणसं मेलीसुद्धा – कुठली, ते विचारू नका!

अर्ध्या तासात शंभर जण विहिरीवर! "बोल, काय टाकलंस?" सेल्वमला काही कळेना. म्हणाला, "पाणी... पाणी..." लोक ओरडले, "बघा, पाण्यात टाकलं म्हणतोय, कबूल केलं!" आणि दगड आला. कपाळ फुटलं.

तेवढ्यात धुणं घेऊन गोदाक्का आली. गर्दीत घुसली, बादलीत हात घातला – कोपरापर्यंत फेस! "मेल्यांनो, धुण्याची पावडर आहे ही! जन्मात कधी कपडे धुतले असते, तर ओळखली असती!"

हसा, हसा! पण सेल्वमला सात टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला.

पोलिसांनी विचारलं, "विष टाकताना पाहिलं कुणी?" सगळ्यांनी मोबाईल पुढे केले! दगड मारणारा दिनकर रडत म्हणाला, "साहेब, एवढ्या मोठ्या माणसानं लिहिलं, म्हणून खरं वाटलं." कोण तो मोठा माणूस? कुणाचा होता तो चौथा मेसेज?

माझा. होय, या तुमच्या बुवाचा!

दवाखान्यात गेलो. पाया पडायला वाकलो, तर सेल्वमनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. त्याला वाटलं, मी दगड उचलतोय! अहो, दवाखान्याच्या फरशीवर दगड कुठला?

मंडळी, देवाचं नाव घेऊच. आधी खिशातले फोन काढा. आज काय काय पुढं पाठवलंत, ते वाचा – आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय, तो समोर बसलाय असं समजून मोठ्यानं वाचा.