मिटल्या डोळ्यांना शून्य गुण

...नाही, झोपलो नव्हतो हो, डोळे मिटले होते! यात फरक आहे की नाही, तुम्हीच सांगा! पण घरी बायको तेच म्हणते, दवाखान्यात कंपाउंडर तेच म्हणतो, आणि आता तर ते कागदावर छापून आलंय, खाली सही-शिक्क्यानिशी! पस्तीस वर्षं दवाखाना चालवतोय मी, तुम्हाला सांगतो, कुणाचा खोकला, कुणाची पाठ, कुणाच्या सासूची सूज... आणि या वयात मला पत्र येतं की डॉक्टर, पाच वर्षांत शिक्षणाचे तीस गुण मिळवा, नाहीतर नोंदणी रद्द! म्हणजे पाटी उतरवायची आणि घरी बसायचं. माझे झाले होते सव्वीस. चार कमी, आणि मुदतीला उरलेले चार महिने. बायको म्हणाली, "शाळेतही असंच शेवटपर्यंत ताणायचात का हो?"

तर गेलो एका शिबिराला. विषय काय, तर 'रुग्णाशी कसे बोलावे'. मी! पस्तीस वर्षं दुसरं काय करतोय? पण गुण नेमके चार, म्हटलं चला.

जेवणं झाली आणि भाषण सुरू झालं. हॉलचे पडदे ओढलेले, एसी एका सुरात गुणगुणतोय, प्रोजेक्टरच्या उजेडात धूळ हळूहळू तरंगतेय... पडद्यावर कसलासा निळा आलेख, आणि तो हलायला लागला हो, नदीसारखा! आणि त्या निळ्या उजेडातून माझे सगळे जुने पेशंट एकेक करून येताहेत, चपला दाराशी काढून, शेजारच्या रिकाम्या खुर्च्यांवर बसताहेत. तो दमेकरी पोस्टमन, ती तिळ्यांची आई, ते निवृत्त हेडमास्तर... चेहरे सगळे धूसर, पण आवाज स्वच्छ. माझं तसंच आहे, चेहरा विसरतो, आवाज विसरत नाही. पोस्टमनचा दम शेवटच्या शब्दाला लागायचा, हेडमास्तर 'काही नाही हो' म्हणाले की समजायचं, भरपूर काही आहे. किती बरं वाटत होतं तिथं... इतक्यात खांद्यावर हात. "सर, तुम्ही झोपलात?"

झोपलो नव्हतो हो, डोळे मिटले होते!

शिबिराच्या मुख्य मॅडम होत्या त्या, माझ्या सुनेच्या वयाच्या, हातात गुण भरायचा तक्ता, टेबलावर घंटा. म्हणाल्या, "सर, तुमचा नंबर एकोणीस. आत एक रुग्ण आहे. खरा नाही, नट आहे. त्याला मधुमेह निघालाय, ते त्याला समजावून सांगायचं. सात मिनिटं. डोळ्यांत बघून बोला, हं!"

आत गेलो. पन्नाशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर पाठ केलेली काळजी. "डॉक्टर, मला फार तहान लागते हो..." आणि मी थांबलो. हा आवाज! मी डोळे मिटले. म्हटलं, "परत बोला."

"डॉक्टर, मला फार तहान लागते."

"तहान राहू द्या. आवाज कधीपासून बसलाय?"

आता तो बिचारा गोंधळला! त्याच्या कागदात आवाज नव्हताच ना! "डॉक्टर... माझ्या वडिलांनाही मधुमेह होता."

"असेल. आवाज कधीपासून?"

मागून मॅडम, "सर, तो सकाळपासून अठरा डॉक्टरांशी बोललाय, बसणारच ना आवाज!" पण तुम्हाला सांगतो, थकलेला आवाज घोटभर पाण्याने जरा तरी सावरतो. हा माणूस पाणी प्यायला, परत बोलला, आणि तसाच! प्रत्येक शब्दातून थोडा थोडा वारा निसटत होता, फट राहिलेल्या खिडकीसारखा. मी खुर्ची पुढे घेतली, डोळे मिटलेलेच. म्हटलं, "नाटक बाजूला ठेवा हो. सिगरेट ओढता?"

त्याची खुर्ची करकरली, पुढे सरकली. मग अगदी हळू, "ओढतो. तीन महिने झाले, डॉक्टर. बायको म्हणते दाखवा, मी म्हणतो तालमीमुळे असेल. भीती वाटते हो... आवाज गेला तर मी करू काय?"

टिंग! घंटा वाजली.

मी तक्त्याचाच एक कोरा कागद ओढला, माझ्या ओळखीच्या घशाच्या डॉक्टरला चार ओळी लिहिल्या आणि त्याच्या खिशात कोंबल्या. म्हटलं, "उद्या. परवा नाही." आणि बाहेर आलो तर माझा निकाल तयार! डोळ्यांत बघून बोलले का? नाही. मधुमेह समजावला का? नाही. रुग्णाचे म्हणणे ऐकून घेतले का... नाही! चाळीसपैकी अकरा. शेरा, 'डॉक्टर मुलाखतीत झोपले.'

झोपलो नव्हतो हो! पण ऐकतो कोण? नापास. परत या.

महिना-दीड महिना गेला. एका दुपारी दवाखान्यात फोन. बाईचा आवाज. "मी त्या नटाची बायको. स्वरयंत्रावर गाठ निघाली, डॉक्टर. वाईटच होती, पण मोहरीएवढी. काढली. वेळेवर आलात, असं तिथले डॉक्टर म्हणाले. आता आठवडाभर बोलायचं नाही, पण ऐकेनात, फोन मला दे म्हणून खुणा करताहेत." आणि तिने फोन त्याच्याकडे दिला. तो काय बोलणार? नुसता श्वास. येतोय, जातोय... किती वेळ ऐकत होतो कोण जाणे. बाहेर दुपार, पंखा फिरतोय, आणि त्या श्वासात कुठे वारा निसटत नव्हता की काही नाही. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, खोटं कशाला सांगू. कंपाउंडर दारातून डोकावला. "डॉक्टर, फोनवर पण झोपलात?"

अरे, डोळे मिटले होते रे!

मग दुसऱ्यांदा शिबिराला गेलो. मॅडम त्याच. त्यांना कळलं होतं सगळं, हात धरून म्हणाल्या, "सर, मला माफ करा, पण तक्त्यात त्याला रकानाच नाही." मी म्हटलं, नसू दे. या वेळी नट नवा, ठणठणीत, गालावर लाली. मी डोळे सताड उघडे ठेवले, मधुमेह समजावला, मान हलवली, 'तुमची काळजी मी समजू शकतो' दोनदा म्हटलं. चाळीसपैकी अडतीस! चार गुण मिळाले, नोंदणी वाचली, आणि वर हे एवढं मोठं प्रमाणपत्र, 'डॉक्टरांनी रुग्णाशी बोलण्याचे शिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केले.'

कंपाउंडरने हौसेने ते माझ्या खुर्चीमागे लावलं. दुसऱ्या दिवशी पहिला पेशंट आत आला, वीस वर्षांचा जुना माणूस. बसता बसता वर बघितलं, तोंडातल्या तोंडात वाचलं, आणि तसाच उठला. म्हणाला, "डॉक्टर, म्हणजे आत्ता आत्ता शिकलात होय? मग जरा हात बसू द्या तुमचा... मी पुढच्या महिन्यात येतो."