सरळ विचारू नका, बाई

आदरणीय अध्यक्ष, कुलगुरू महोदय; त्यांच्या उजव्या हाताला बसलेले आणि मघापासून घड्याळाकडे बघणारे माननीय कुलसचिव साहेब; आमच्या इतिहास विभागाच्या प्रमुख, विभागप्रमुखबाई; ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती, आमचे सर; सरांचं बोलणं इतकी वर्षं ऐकून घेतल्याबद्दल खरं तर ज्यांचा सत्कार व्हायला हवा होता त्या वहिनी; समोर बसलेले आजी-माजी विद्यार्थी, प्राध्यापक, कार्यालयातली मंडळी, आणि मागच्या दारात उभं राहून आत यावं की चहाकडे वळावं या विचारात पडलेल्या सज्जनांनो,

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'विभागाच्या ज्येष्ठ विद्यार्थिनी' अशी करून दिली. त्यांचे आभार. ज्येष्ठ म्हणजे बसमध्ये जागा न देता दिलेला मान. मी सरांपेक्षा चार वर्षांनी मोठी आहे, हे त्यांनी सांगायचं टाळलं. मी टाळत नाही. सर मला 'बाई' म्हणतात, मी त्यांना 'सर' म्हणते, आणि वर्गातली मुलं मला समोर 'मॅडम' आणि पाठीमागे 'क्लेम' म्हणतात. विमा कंपनीच्या दावे खात्यात मी उभा जन्म काढला, म्हणून. पाठीमागचं मला कसं कळलं? मुलांनो, पाठीमागे बोलताना निदान एक मजला तरी खाली जावं.

निवृत्त झाल्यावर मी इतिहासाच्या एम.ए.ला नाव घातलं, तेव्हा माझी थोरली बहीण म्हणाली, "आता शिकून कुठे दिवे लावणार आहेस?" मी म्हटलं, "लावणार नाही, कुणी विझवले ते बघणार आहे." ती म्हणाली, "बघ बाई, पण गुडघे सांभाळ, विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे." बहिणीचं दुसरं म्हणणं अगदी खरं निघालं.

माझं शिक्षण नन्सच्या शाळेत झालं. तिथे इतिहास म्हणजे राजांची यादी. कोण कुणानंतर आला, किती साली गेला. यादी चुकली की पट्टी. सिस्टरनी आम्हाला आणखी एक शिकवलं होतं, की विचारायचं ते सरळ विचारावं, आणि उत्तर द्यायचं ते खरं द्यावं. त्यातल्या पहिल्या अर्ध्यावर मी अख्खी नोकरी केली. दुसरं अर्धं लोकांनी पाळावं अशी अपेक्षा ठेवली आणि दर महिन्याला तोंडावर आपटले.

इथे आल्यावर पाहिलं, तर नियम असा की प्रत्येकानं तीन काळ शिकायचे. एक प्राचीन, एक मधला, एक अलीकडचा. शिवाय त्यातला एक तरी पेपर दूरच्या मुलखाचा हवा. नियम सुंदर आहे. मुलं तो कसा पाळतात? वेळापत्रक बघून. प्राचीन काळ सकाळी लवकर असतो, म्हणून प्राचीन काळ कुणाला नको. मधला काळ जेवणाच्या सुट्टीला खेटून, म्हणून मध्ययुग लोकप्रिय. आमच्या वर्गातल्या एका उंच मुलाला मी विचारलं, "तू हा पेपर का घेतलास रे?" तो म्हणाला, "मॅडम, याची खोली पंख्याखाली आहे." मानवजातीची वाटचाल ठरवायला पंखा पुरतो, हे मला तेव्हा कळलं.

दूरच्या मुलखाचा पेपर सरांचा. समुद्रापलीकडची जुनी बंदरं आणि त्यांच्या मागची गावं. खोली कोपऱ्यातली, पंखा नाही. मी तो घेतला, कारण तिथवर जाऊन परत फिरायला गुडघे तयार नव्हते. पहिल्याच तासाला सरांनी एक जुनी फिर्याद वाचून दाखवली. आठशे वर्षांपूर्वी एका गावात एका विधवेनं शेजाऱ्याच्या बकरीविरुद्ध तक्रार केली होती. बकरीनं तिचा वाळत घातलेला झगा खाल्ला. शेजारी म्हणतो, झगा आधीच फाटका होता. विधवा म्हणते, नवा होता. पंच म्हणतात, उरलेला झगा दाखव. विधवा म्हणते, तो बकरीच्या पोटात आहे.

सज्जनहो, या बाईचा दावा माझ्या टेबलावर किमान चाळीस वेळा येऊन गेला होता. फक्त बकरीच्या जागी कधी शॉर्ट सर्किट असायचं, कधी उंदीर. मी वर्गात इतकी हसले की सरांनी विचारलं, "बाई, काय झालं?" मी म्हटलं, "सर, झगा फाटकाच होता." सर म्हणाले, "आधार काय?" आणि माझं हसू थांबलं. आधार काहीच नव्हता. होता तो अनुभवाचा माज. आठशे वर्षं मागे आणि समुद्रापलीकडे गेल्याशिवाय तो माज मला दिसला नसता. दूरचा मुलूख शिकायचा तो यासाठी. जवळच्या माणसांबद्दल आपलं आधीच ठरलेलं असतं.

आता सरांच्या एका विद्येबद्दल सांगते. पुस्तकात ती कुठे सापडणार नाही.

अलीकडच्या काळाच्या पेपरासाठी आम्हाला जुन्या माणसांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. आम्ही एका बंद पडलेल्या चित्रपटगृहाच्या मालकीणबाईंकडे गेलो. मोठं घर, खिडक्यांना जाड पडदे, बाई आरामखुर्चीत. मी प्रश्न लिहूनच नेले होते. थिएटर कधी बांधलं? "आठवत नाही, बाळ." कुणी बांधलं? "आता कसं आठवणार?" बंद का झालं? "जाऊ दे ना ते." मला त्या 'बाळ' म्हणाल्या, तेवढंच पदरात पडलं. सर कोपऱ्यात चहा पीत बसले होते. ते कप खाली ठेवून सहज म्हणाले, "लाकडी बाकं होती ना तुमच्याकडे? लोक आपापल्या उशा घेऊन यायचे म्हणे."

बाई ताठ बसल्या. "बाकं? कोण म्हणतं बाकं? मखमली खुर्च्या होत्या आमच्या. लाल. बोटीनं आल्या होत्या. बाकं त्या पलीकडच्या थिएटरात, तिथे ढेकूणही होते." मग दीड तास त्या थांबल्या नाहीत. नवरा, दीर, भागीदार, शेवटी लागलेली आग, सगळं आलं. "आणि त्या विम्याच्या माणसांनी तर जीव खाल्ला आमचा," असं त्या म्हणाल्या, तेव्हा मी वही जरा वर धरली.

जिना उतरताना मी सरांना म्हटलं, "हे काय केलंत तुम्ही?" सर म्हणाले, "सरळ विचारू नका, बाई. प्रश्नाला माणूस उत्तर देईलच असं नाही. पण चुकीचं ऐकून गप्प बसलेला माणूस मी अजून पाहिला नाही. चूक मात्र छोटी असावी, कुणाला न लागणारी. आणि नंतर आपण होऊन सांगावं की मुद्दाम केली." आणि खरोखरच ते दुसऱ्या दिवशी त्या बाईंकडे सांगायला गेले. बाई म्हणाल्या, "मला कळलं होतं. पण बाकं म्हटल्यावर राहवेना."

मला सांगा, हे मला निवृत्तीनंतर कळावं? कंपनीत रुजू झाले त्याच दिवशी कुणी सांगितलं असतं, तर अर्ध्या शहराचं खरंखोटं मी संध्याकाळच्या आत बाहेर काढलं असतं.

सूत्रसंचालकांची चिठ्ठी आली आहे. 'कृपया आवरते घ्यावे.' अक्षर छान आहे. आवरते.

आवरण्यापूर्वी एकच गोष्ट. सर जात आहेत, आणि त्यांच्यामागोमाग त्यांचा पेपरही जातो आहे. आज दुपारी विद्या परिषदेची बैठक आहे. दहापेक्षा कमी विद्यार्थी असलेले पेपर बंद करायचे, असा विषय तिच्यापुढे आहे. दूरच्या मुलखाच्या पेपराला पुढच्या वर्षासाठी चार नावं आली आहेत. माझी परीक्षा झाली, मला काही नको. पण त्या चारांत एक मुलगी आहे. चौथ्या रांगेत, चष्मा, मान खाली. खालीच राहू दे. गेली दोन वर्षं ती त्या मुलखाची जुनी लिपी आपली आपण शिकते आहे, वडिलांच्या बेकरीत, गिऱ्हाईक नसेल तेव्हा. वडील चांगले आहेत, त्यांचा पाव त्याहून चांगला आहे. पण ते स्पष्ट म्हणाले आहेत, "इथे असेल तर शीक. दुसऱ्या गावाला मी पाठवणार नाही." म्हणजे पेपर इथे नसेल, तर मुलगी काउंटरवर.

मी सिस्टरनी शिकवलेल्या पद्धतीनं सरळ विचारायला गेले. कार्यालयात विचारलं, तर म्हणाले, "वरून यायला पाहिजे." वर गेले, तर म्हणाले, "विभागाकडून यायला पाहिजे." विभागात गेले, तर विभागप्रमुखबाई म्हणाल्या, "माझ्या हातात काही नाही हो." जिने माझ्या गुडघ्यांनी मोजले. सगळे अत्यंत नम्र होते. इतकी नम्र माणसं मी फक्त नामंजूर झालेल्या दाव्यांच्या खिडकीवर पाहिली आहेत. मीच तिथे बसत असे.

म्हणून आज मी काहीही विचारणार नाही. मला जे समजलं आहे तेवढं सांगते आणि बसते.

पहिलं असं, की नियम कडक आहे. दहा म्हणजे दहा. त्याला अपवाद नाही, कुणालाही सूट देता येत नाही, आणि असा नियम करून कुलसचिव साहेबांच्या कार्यालयानं स्वतःचेच हात बांधून घेतले आहेत.

काय म्हणालात, साहेब? माईक देऊ का? नको, मीच मोठ्यानं सांगते. साहेब म्हणतात, असं मुळीच नाही. कार्यालयानं पूर्ण विचार करून अपवाद ठेवलेला आहे. विभागप्रमुखांनी शिफारस केली, तर कमी विद्यार्थ्यांवरही पेपर दोन वर्षं चालू ठेवता येतो. आभारी आहे, साहेब. गेल्या महिन्यात हेच मी विचारत होते.

दुसरं असं, की सरांच्या या पेपराला आजवर कधीही दहाच्या खाली विद्यार्थी नव्हते. हा चारांचा प्रसंग पहिल्यांदाच आला आहे.

वहिनी, तुम्ही मान हलवताय. बोला ना, तुम्हाला कोण अडवणार? वहिनी म्हणतात, "काहीतरीच काय. एका वर्षी तर एकच मुलगी होती. तिच्यासाठी खोलीही देईनात, म्हणून आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्षभर शिकवायचे. मला ताटं मांडायला जागा नसायची." एकच मुलगी. ऐकलंत सगळ्यांनी? आणि एका मुलीसाठी तेव्हा पेपर चालला. कुणीतरी कुठेतरी शिफारस केली असणार.

ती मुलगी कोण, हे मी विचारणार नाही. मला ठाऊकही नाही. एवढंच कानावर आहे, की ती फारशी अभ्यासू नव्हती, रोज उशिरा यायची आणि सरांना ताटकळत ठेवायची.

थांबा, हसू नका. विभागप्रमुखबाई काही म्हणताहेत. परत म्हणा, बाई, मागे ऐकू गेलं नाही.

"मी एक दिवसही उशिरा गेले नाही."

नव्हताच गेला तुम्ही. वेळेआधी जायचात, आणि वहिनींना भांडी आवरू लागायचात. हे सर मला अनेकदा सांगायचे, नाव न घेता. 'माझी सर्वांत चांगली विद्यार्थिनी' एवढंच म्हणायचे. उशिराचं आणि ठाऊक नसल्याचं मी मुद्दाम म्हटलं. सरांच्या नियमाप्रमाणे सांगून टाकते. हे खासगीत बोलता आलं असतं, तेही मान्य. पण खासगीत तीन वेळा बोलले, आणि तीनही वेळा तुमच्या हातात काही नव्हतं.

सर, तुम्ही कपाळाला हात लावू नका. विद्या तुमचीच आहे.

तुमच्याबद्दल थोर शब्द बोलायचं ठरवून आले होते, ते राहिले. एवढंच म्हणते. तुमच्या वर्गात कुणी हजर आहे की नाही हे तुम्ही पाहिलंत, किती हजर आहेत हे कधी पाहिलं नाहीत. चार जणांना तुम्ही चारशेंसारखं शिकवलंत. आवाज तर इतका लावलात, की शेजारच्या वर्गातून तक्रार यायची. आता घरी जेवणाचं टेबल मोकळं ठेवा. वहिनींनी पुष्कळ दिवस वाट पाहिली आहे.

अध्यक्ष महोदयांनी एवढं बोलू दिलं, त्यांचे आभार. कुलसचिव साहेबांनी नियम समजावून सांगितला, वहिनींनी स्मरणशक्ती वापरली, त्यांचे विशेष आभार. सूत्रसंचालकांची दुसरी चिठ्ठी आली आहे, ती मी वाचत नाही. ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्यांनी तो मध्येच बंद केला नाही, हे त्यांचं धाडस.

जाता जाता एक शेवटचं विधान. दुपारच्या बैठकीत विभागप्रमुखबाई या पेपराची शिफारस करणार नाहीत. गप्प बसतील, असं माझं अगदी ठाम मत आहे.

माझ्या बोलण्यात चुका झाल्या असतील. त्याबद्दल क्षमा करावी, असं म्हणायची पद्धत आहे. मी तसं म्हणत नाही. चूक झाली असेल, तर क्षमा करू नका. दुरुस्त करा. माईक मी चालू ठेवून बसते आहे.