निळ्या दिव्याची किटली

आई: …आणि म्हणायची, "पाणी आधी कुजबुजतं, मग बोलतं, मग भांडायला उठतं. भांडायला उठलं की पत्ती टाकायची, पोरी." पाठ भांड्याकडे करून सांगायची बरं का. नुसत्या कानावर. माझी आत्या ती. अजून तिचा आवाज जसाच्या तसा आहे माझ्याजवळ. घोगरा, आणि शेवटचा शब्द ओढलेला. पोरीऽऽ.

लेक: हळू, आई. तुझा नातू आत्ता कुठे झोपलाय आत. हल्ली फार मोठ्यानं बोलतेस तू.

आई: बरं बाई. गबदूला उठवत नाही.

लेक: आत्याआजीला ही किटली दाखवायला हवी होती. काचेची काय, खाली निळा दिवा काय. तुझ्या ओट्यावर कुणी बडी पाहुणी येऊन बसल्यासारखी दिसते.

आई: ऐटबाज आहे ना?

लेक: ऐटबाजच. तू असलं काही घेशील असं वाटलं नव्हतं. दोन दात पडलेला कंगवा टाकवत नाही तुला.

आई: मला तिची शांतता आवडली. निमूट आपलं काम करते.

लेक: निमूट? विमान उडायच्या आधी घरघरतं तशी घरघरतेय ती.

आई: म्हणजे, करते जराशी.

लेक: आणि जुनी शिट्टीवाली किटली कुठे गेली?

आई: खालच्या शिंपिणीला दिली. तिचं ओरडणं नकोसं झालं होतं. हे बघ, बब्बड, इकडे बघ. तळाशी मोती धरले. मोहरीएवढे. मोत्यांच्या होतील माळा, माळा चढतील वर, वर गेल्या की तुटतील, तुटल्या की पाणी झालं.

लेक: ओवी रचलीस की काय किटलीवर?

आई: रोज बघत बसते, मग ओठावर येतंच.

लेक: काच तापलीय, जपून.

आई: पाच नाही, सहा कप मावतात. रेषा आहेत बघ त्यावर.

लेक: काच म्हटलं मी. काच.

आई: हां, काच. तापते. म्हणून तिच्या कानालाच धरायचं.

लेक: आणि ओट्याखाली हे काय लपवून ठेवलंयस? बुडाचा पार कोळसा झालाय.

आई: दूध ठेवलं होतं त्यात. लक्ष नव्हतं.

लेक: तुझं लक्ष नव्हतं? दोन खोल्या पलीकडून दूध फसफसलेलं ओळखून "गॅस" म्हणून ओरडणारी तू.

आई: वय झालं. दिवा विझला बघ. दे कप.

लेक: थांब, विसळते आधी. बशीत मुंगी आहे. आई, माझी रजा संपली.

आई: मजा कसली संपतेय? आत्ता तर कुठे सुरू झाली. एवढंसं पोर घरात म्हणजे मजाच मजा.

लेक: रजा, आई. कामावरची.

आई: नळ चालू ठेवून, पाठ करून बोलतेस. इकडे तोंड कर ना.

लेक: आल्यापासून माझ्या तोंडाकडेच तर बघतेयस. काही लागलंय का?

आई: लेकीचं तोंड बघायचीही चोरी झाली.

लेक: बघ बाई, पोटभर बघ. हे घे कप. आणि ऐक, त्यासाठीच आलेय मी. सोमवारपासून गबदूला सकाळी इथे सोडीन, संध्याकाळी नेईन. बाटल्या भरून आणीन, खेळणी राहू देत इथेच. दुपारभर तर तो आतल्या खोलीत झोपूनच असतो. त्याचा काही त्रास नाही.

आई: साखर किती?

लेक: ऐकलंस ना?

आई: ऐकलं. सोमवारपासून.

लेक: मग?

आई: पाळणाघरं चांगली निघालीत म्हणतात. तुझ्या ऑफिसच्या खालीच आहे ना एक?

लेक: काय?

आई: चार पोरांत पोर लवकर शहाणं होतं.

लेक: तो पोटात होता तेव्हा कोण म्हणालं होतं, पोर मी सांभाळीन, तू खुशाल कामावर जा?

आई: मी म्हणाले होते.

लेक: त्या भरवशावर मी कामावर शब्द दिलाय. आता काय झालं?

आई: पाठ दुखते.

लेक: मघाशी त्याला कडेवर घेऊन गॅलरीत येरझाऱ्या घालत होतीस.

आई: गुडघे म्हणायचं होतं मला.

लेक: पाठ की गुडघे, एक काय ते ठरव. मग मी वाईट वाटून घेते.

आई: चिडू नकोस.

लेक: चिडत नाहीये. नुसतं बघतेय. फोन उचलत नाहीस, मेसेज टाक म्हणतेस. जन्मभर हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसून जगाचे फोन घेतलेस आणि पोटच्या पोरीचा घेववत नाही. मी काय वीजबिलाची आठवण करून देणारी आहे?

आई: मेसेज बरा पडतो. सावकाशीनं वाचता येतो.

लेक: नुसत्या हॅलोवरून माणूस ओळखायचीस तू. कुठल्या वॉर्डातला डॉक्टर चिडलाय, कोण रडून आलंय, सगळं घरी येऊन सांगायचीस.

आई: खरंय ते. बोर्डावर दिवा लागायचा, मी वायर खोचायची आणि म्हणायची, बोला. पलीकडच्यानं श्वास घेतला की कळायचं कोण ते. अजून कुठे दिवा लागलेला दिसला की जिवाला बरं वाटतं. दुकानात ही किटली लावून दाखवली त्यानं, दिवा लागला, आणि मी म्हटलं, हीच बांधून द्या.

लेक: बघ. नातवाचं विचारलं की गाडी पुन्हा किटलीवर.

आई: अजून घोटभर घेशील? लावते.

लेक: आई, तो नको असेल तर तसं म्हण. मी ऐकून घेईन.

आई: नको कसा असेल तो मला?

लेक: मग हो म्हण.

आई: अर्ध्या रेषेपर्यंत पाणी पुरे, नाही का? हिच्यात कधीमधी लिंबू पिळून उकळावं लागतं, नाहीतर पांढरा थर धरतो. स्टीलच्या भांड्यात कुणाला दिसायचा? हिला मेलीला काही लपवता येत नाही.

लेक: तुला मात्र छान येतं.

आई: लागला बघ दिवा.

(आतल्या खोलीत बाळ रडू लागतं. लेक उठते, आईच्या पाठीकडे बघते आणि तिथेच थांबते.)

आई: आले मोती. आधी मला कळायचंच नाही, थेंब कुठले आणि मोती कुठले. आता कळतं. कडेचे आधी धरतात, मग मधले.

लेक: आई.

आई: माळा झाल्या. आत्याला नसती आवडली ही. म्हणाली असती, बघत काय बसायचं पाण्याकडे, ते काय पळून जातंय?

लेक: आई, गबदू उठलाय.

आई: उठलंय ना? भांडायलाच उठलंय आता. बघ, बघ कसं.

लेक: मी आणते त्याला.

आई: या खेपेला साखर कमी घालते. मघाशी गोड झाला असेल तुला, तू बोलली नाहीस. माझा आपला हात सैल पडतो. तुटल्या माळा. विझला दिवा. घे. अगं, कुठे गेलीस? बब्बड?

लेक: आहे इथेच. आणलं त्याला.

आई: हा कधी उठला? गाल ओले का त्याचे? नाक बघ कसं लाल झालंय. किती रडला हा?

लेक: तू माळा झाल्या म्हणालीस तेव्हा टिपेला पोचला होता.

आई: दार लोटलेलं असेल.

लेक: उघडं होतं.

आई: नळाच्या आवाजात…

लेक: नळ बंद होता, आई.

आई: दे त्याला माझ्याकडे. ये रे राजा. ये माझ्या गठुड्या. झालं, झालं.

लेक: कधीपासून चाललंय हे?

आई: चहा निवतोय तुझा.

लेक: निवू दे. मी समोर बसलेय. तोंड तुझ्याकडे केलंय. बोला.

आई: माझंच वाक्य मला ऐकवतेस.

लेक: बोला.

आई: मी जुळवून बघत होते गं. म्हटलं, त्याला इथे माझ्याजवळच निजवीन. पाळण्याची दोरी मनगटाला बांधीन, हलली की कळेल. मग वाटलं, हात ओले असतात, दोरी सोडावी लागेल, तेवढ्यात काही झालं तर? तो दुधाचा कोळसा झाला, त्या दिवशी मी ओट्याला पाठ करून कपड्यांच्या घड्या करत होते. दूध उतू जाऊन, आटून करपूनही गेलं. दूध होतं म्हणून भागलं.

लेक: मला सांगितलं नाहीस?

आई: सांगितलं असतं तर तू सोमवारी त्याला आणलं नसतंस. मग मंगळवारीही नसतंस. मला तो हवा होता, आणि हो म्हणायला जीभ उचलत नव्हती. पाळणाघर म्हणून बघितलं, तर तुझं तोंड उतरलं. ते मात्र लख्ख दिसलं मला.

लेक: काय ते नीट सांग आता. एकदाच.

आई: बोर्डावर एक वाक्य रोज कितीदा म्हणायचे मी. कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही, मलाही नाही. लाइनचा दोष असायचा, माणसाचा नसायचा. तेवढंच म्हणायचं होतं तुला.

लेक: मग म्हण.

आई: आवाज येत नाही, बब्बड. आत्याचा येतो. तुझा तोंड बघून जुळवते, आधीचा आठवणीत आहे म्हणून जुळतो. ह्याचा कसा आहे, ते मला माहीत नाही.