रेडिओवाल्यांची सहमती

...आणि हे सलग तिसऱ्या शनिवारी, तुम्हाला सांगतो, तिसऱ्या! मी कादंबरी टेबलावर ठेवली, चष्मा पुसला, घसा साफ केला आणि म्हटलं, "माझं प्रतिपादन असं, की तुमचा गाण्यांचा अख्खा अल्बम एका पारड्यात आणि या कादंबरीचं एक प्रकरण दुसऱ्या पारड्यात घातलं, तरी वजन इकडेच भरेल." अकरा वर्षं या वाक्यावर जो माणूस खुर्चीतून अर्धा उठत आला आहे, तो शांतपणे मान डोलावून म्हणतो, "बरोबर आहे तुमचं." तुम्हीच सांगा, याला काय चर्चा म्हणायची?

क्षमा करा, मी मध्येच सुरुवात केली. मला ती सवय नाही. मी बाइंडर, चव्वेचाळीस वर्षं पुस्तकं बांधली. शाळा सातवीत सुटली, पण बांधायला आलेलं प्रत्येक पुस्तक मी शेवटच्या पानापर्यंत वाचून मगच परत केलं; गिऱ्हाइकांना उशीर झाला असेल, अर्धवट वाचन माझ्या हातून झालेलं नाही. आणि समोरचे ते रेडिओवाले. रेडिओ, टेपरेकॉर्डर, रेकॉर्ड प्लेयर दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. चष्म्याच्या दुकानावर एक खोली आहे, तिथं शनिवारी चार वाजता आमचं मंडळ भरतं. पूर्वी चौघं होतो. दंतवैद्य मुलाकडे राहायला गेले, मुख्याध्यापिकाबाईंचे गुडघे जिना चढेनात, उरलो आम्ही दोघं. खुर्च्या मात्र चारच मांडतो. नियम आहे.

दुसरा नियम असा, की एकानं अल्बम आणायचा, दुसऱ्यानं कादंबरी, आणि श्रेष्ठ काय यावर वाद घालायचा. ज्यानं "पटलं" म्हटलं तो हरला, आणि त्या जोडीवर पुन्हा अवाक्षर काढायचं नाही, कायमचं. म्हणून तर आम्ही एकच जोडी अकरा वर्षं पुरवून पुरवून वापरली. दुसऱ्या कुणी हा विषय तीन आठवड्यांत संपवला असता! रविवार ते शुक्रवार मी बोलतो ते दूधवाल्याशी, "अर्धा लिटर," इतकंच. मग शनिवारी साठलेलं सगळं बाहेर पडतं. असा सगळा बेत, आणि हा गृहस्थ म्हणतो, "बरोबर आहे तुमचं." पहिल्या शनिवारी तर मी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. दुसऱ्या शनिवारी खोकलो.

आणि पूर्वी? पूर्वी काय त्वेष होता... स्टेशन नीट न लागल्यासारखा त्यांचा तो नाकातला आवाज, "अहो बाइंडर, या गाणाऱ्या बाईंनी आठ गाणी अशी लावली आहेत, की चौथं आधी वाजवलं तर तिसऱ्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. क्रम लागतो, क्रम! तुमच्या पुस्तकात आई मरते, आणि पुढच्याच प्रकरणात स्वयंपाकघरात बसून वाटाणे सोलते. ही काय कादंबरी झाली?" मी म्हणायचो, "रेडिओवाले, याला धाडस म्हणतात. गेलेलं माणूस घरातून लगेच जात नसतं, हे लेखकानं ओळखलं आहे. तुमच्या बाईंनी आठ गाण्यांत काय ओळखलं?" की ते उठलेच. जिन्यापर्यंत जायचे, टोपी विसरायचे, टोपीसाठी परत यायचे आणि तासभर बसायचे.

आता जे सांगतो ते तुमच्यापाशीच राहू द्या. ते पुस्तक मी रद्दीतून आणून बांधलं ते आमची ही गेली त्याच्या पहिल्याच महिन्यात. खालची कड वाळवीनं खाल्लेली, म्हणून ती कापली, पृष्ठांकांसकट. प्रकरणांना क्रमांक नव्हते, आणि दोन प्रकरणं नेमकी एकेका फर्म्याची. फर्मा म्हणजे सोळा पानांचा जुडगा, असे जुडगे एकापुढे एक ठेवून शिवायचे असतात. ते दोन मी मागचे पुढे शिवले. चार वर्षांपूर्वी वाचनालयात दुसरी प्रत हाती आली, तर तिच्यात आई आधी वाटाणे सोलते आणि मग मरते, चारचौघींसारखी. लेखकानं कसलंही धाडस केलेलं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांत माझ्या हातून एकच चूक झाली, आणि तिचं मी इतकी वर्षं रसग्रहण करत होतो. त्यातली चार तर समजून उमजून.

तर तिसऱ्या शनिवारी ते "बरोबर आहे" ऐकलं आणि मला जिंकल्याची लाजच वाटली. आधी म्हटलं, पारखून पाहावं. म्हणालो, "या कादंबरीत नायकाच्या जागी शेळी असती, तर ती अधिक उंचीला गेली असती." ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." तुम्हीच सांगा, याला काय चर्चा म्हणायची? मग मात्र मी उभा राहिलो आणि सगळं कबूल केलं... वाळवी, फर्मे, ही गेली तो महिना, चार वर्षांची लबाडी, सगळं. असं मी आयुष्यात कुणापुढे बोललेलो नाही. ते डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

आणि तेव्हा माझं लक्ष त्यांनी नेहमीसारखी लावून ठेवलेल्या रेकॉर्डकडे गेलं. आठवं गाणं केव्हाच संपलं होतं. सुई मधल्या कागदाशी नुसती खरखरत होती, आणि रेडिओवाले टेबलावर बोटांनी ताल धरून बसले होते, एका मात्रेचीही चूक नाही... मी सुई उचलली. ताल चालूच.

आयुष्यभर मुक्या पेट्यांना बोलतं करणाऱ्या माणसानं कुणाला सांगायचं, की आता आपल्यालाच ऐकू येत नाही?

मी कागद घेतला, सगळी कबुली पुन्हा लिहिली, शुद्धलेखन तपासलं आणि पुढे सरकवली. त्यांनी दोनदा वाचली. मग लिहिलं, "कानांचं केव्हा कळलं?" मी लिहिलं, "आत्ता." त्यांनी पेन पुन्हा घेतलं. मग खाली लिहिलं, "शिवण उसवू नका. आई परत येते, तेच बरोबर. चुकलं असेल तर लेखकाचं."

हे मला कसं चालेल? मी लिहिलं, "लेखकाचा क्रम तोच क्रम." त्यांनी लिहिलं, "नाही पटत." खाली दोन रेघा.

तेव्हापासून आम्ही शनिवारी समोरासमोर बसून कागदावर भांडतो. माझा आवाज आता शनिवारीही कुणाला लागत नाही. परवा खालचे चष्मेवाले वर डोकावले. म्हणाले, "आजोबा, काही ऐकू येईना, म्हटलं दोघंही आटोपलात की काय." मी म्हटलं, "वाद चालू आहे." पण तुम्हाला खरं सांगतो, हा वाद मला मनापासून हरायचा आहे हो... आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच बरोबर बाजू नेमकी माझ्याकडे आली आहे.