चौपट दोरा

सिस्टर : एक्केचाळीस! सर, सरावाच्या या स्पंजात एक्केचाळीसच सेंटिमीटर दोरा गेलाय.

डॉक्टर : पण सहा मिनिटांत शिवलं की मी! आमच्या बॅचमध्ये एवढ्या वेगानं कुणी शिवून दाखवावं.

सर : छेद पंधरा सेंटिमीटरचा. निदान चौपट दोरा आत जायला हवा. म्हणजे साठ.

डॉक्टर : दोरा वाचला, सर.

सिस्टर : आणि पेशंट? अहो डॉक्टर, हा स्पंज आहे म्हणून गप्प पडलाय. गुरुवारी ऑपरेशनच्या टेबलावर मी असणार. माझ्या पोटावर काटकसर नको, बाई!

सर : सिस्टरांच्या पोटातली गाठ साधी आहे, ती मी काढीन. पण पोट कुणी शिवायचं ते सिस्टर ठरवतील, असा आमचा करार आहे.

डॉक्टर : सिस्टर, दोन वर्षं मी नुसती दोरा कापायला उभी आहे हो! एकदा तरी पूर्ण पोट शिवू द्या.

सर : आधी सांग, स्पंजला चुण्या का पडल्या?

डॉक्टर : जरा जोरात ओढलं. घट्ट म्हणजे पक्कं ना, सर?

सर : पोत्याचं तोंड बांधायचंय का आपल्याला? कडा एकमेकींना टेकल्या की बास. आवळलंस तर तिथं रक्तच पोचणार नाही. आणि हे टाके, एक इथे, एक पार तिथे! कडेपासून अर्धा सेंटिमीटर, दोन टाक्यांत अर्धा सेंटिमीटर. टाक्यात घ्यायचा तो फक्त हा वरचा पांढरा पडदा, खालचा स्नायू नाही.

सिस्टर : घाईत शिवलेली पोटं वर्षभरात परत येतात, डॉक्टर. खोकलं की टाक्यांपाशी फुगा बाहेर. मग जन्मभर वजन उचलायची चोरी. मला नातवाला कडेवर घ्यायचंय.

डॉक्टर : द्या नवीन दोरा.

(ती पुन्हा शिवते. सिस्टरचा चहा गार होतो.)

सिस्टर : सतरा मिनिटं झाली.

डॉक्टर : बोलू नका ना, शेवटची गाठ आहे... झालं!

सर : मोजा.

सिस्टर : थांबा, चष्मा कुठेय... त्रेसष्ट! सर, त्रेसष्ट!

डॉक्टर : खरंच? टेप नीट धरलाय ना?

सर : चुणी एकही नाही. शाब्बास!

डॉक्टर : सर... हा मधला टाका मला पटत नाहीये. हात हलला माझा. कडेच्या फार जवळून गेलाय.

सर : मापात तर बसलंय.

डॉक्टर : बसलंय. पण सुटलं तर इथूनच सुटेल. उसवते मी. पहिल्यापासून करते.

सिस्टर : परत सतरा मिनिटं?

डॉक्टर : सॉरी. तुम्ही चहा घेऊन या हवं तर.

सर : काय सिस्टर, काय म्हणता?

सिस्टर : म्हणायचंय काय! पास झाल्यावर आपणहून उसवणारी पहिलीच बघतेय मी. ठरलं, सर. माझं पोट हीच शिवणार.

डॉक्टर : सिस्टर! मी तुम्हाला मिठी मारू?

सिस्टर : आधी ती सुई खाली ठेव!

डॉक्टर : ठेवली. ... सिस्टर, खरं सांगा, भीती नाही वाटत?

सिस्टर : वाटते की. म्हणून सांगते, गुरुवारी पोटभर नाश्ता करून ये हं, पोरी. उपाशी मी असणार आहे.